घाम न दिसणारा सदरा

दूध संघाच्या कचेरीत माझी खुर्ची पत्र्याची होती. मी उठून गेलो की खुर्चीच्या पाठीवर माझी पाठ तशीच राहायची, ओली, दोन्ही खांद्यांसकट, आणि मग कडेकडेने सुकत आत आत जायची. कुणी मला शोधत आलं की शिपाई खुर्चीकडे बघून सांगायचा, "भाऊसाहेब आत्ताच उठले, हितंच आसतील." पाठ पुसट झाली असली तर म्हणायचा, "गेले. येळ झाला." मी स्वतः कधी मागे वळून पाहिलं तर चमकायचो. आपण गेल्यावर आपल्या जागी कोण बसलंय, असं वाटायचं.

मला घाम येतो. सगळ्यांना येतो, हे मला माहीत आहे. समजूत घालणाऱ्या प्रत्येकाने ते सांगितलं आहे. पण मला मार्गशीर्षात येतो, जेवताना येतो, कुणी नाव विचारलं तरी येतो. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजार नाही, प्रकृती आहे. पाणी भरपूर प्या." ज्या वर्षी त्यांनी हा सल्ला दिला त्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर एका आड एक दिवस यायचा, आणि बायका घागरी लावून रांगेत उभ्या असताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "गावाला टँकर आन् ह्यास्नी झरा."

मराठीत घाम नुसता येतो, पण त्याचा कुणी हिशेब धरत नाही. घामाला किंमत असते ती दोन प्रकारे. माणूस घाम गाळतो, म्हणजे तो कष्टाळू. नाहीतर माणसाला घाम फुटतो, म्हणजे तो चोर. मी गाळत नव्हतो, कारण मी खुर्चीवर बसून दुधाच्या पावत्या करायचो. उरलं दुसरं.

हे मला भाषेने शिकवलं नाही, वडिलांनी शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात वडील आमच्या गावच्या सोसायटीत धान्य मोजून द्यायचे. पोत्यातून तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायची. ती कमी भरते अशी कुरबूर झाली आणि चावडीपुढे लोक जमले. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो, गर्दीच्या मागच्या अंगाला उभा होतो. वडिलांना उभं केलं. अंगात आकाशी रंगाचा सदरा. सोसायटीच्या चेअरमनने साधा प्रश्न विचारला, पोती येतानाच कमी भरतात का? वडिलांनी तोंड उघडण्याआधी त्यांच्या मानेखालून एक काळपट डाग खाली उतरायला लागला. मी मागे असल्याने मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, तेवढी पाठ दिसत होती. डाग पसरला, काखेतून आलेल्या दुसऱ्या दोन डागांना मिळाला. पुढून कुणीतरी म्हणालं, "फुटला बे घाम!"

सगळे हसले. वडील काहीतरी बोलले, ते त्या हसण्याखाली गेलं. तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तराजू दुसऱ्याच्या हातात होता, आणि धान्य तितकंच कमी भरत होतं. पण त्याला घाम येत नसल्याने कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

वडिलांनी त्यानंतर चारचौघांत उभं राहून काही सांगितल्याचं मला आठवत नाही. घरीही ते कायम भिंतीला पाठ लावून बसत. ते गेल्यावर त्या भिंतीवर त्यांच्या पाठीएवढा एक डाग राहिला. आम्ही चुन्याचा हात दिला. पुढच्या उन्हाळ्यात डाग पुन्हा वर आला. पुन्हा हात दिला, पुन्हा आला. आई म्हणायची, "खार हाय भितीचा, दुसरं काय न्हाई." ती तसं म्हणायची, पण त्या जागी कुणाला बसू द्यायची नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. कधी उभं राहून काही सांगायची वेळ आली, तर लोकांनी माझी पाठ न बघता माझं बोलणं धरावं. त्यासाठी विद्वत्ता लागते, चारित्र्य लागतं असं मी पुस्तकांत वाचलं होतं. माझ्या अनुभवाने त्यासाठी कापड लागतं. मी कापड शोधायला लागलो.

पहिला टेरिलीनचा बुशशर्ट. लग्नात सासऱ्यांनी दिलेला. तो अंगात घालणं म्हणजे अंगाभोवती खिडकीची काच बसवून घेण्यासारखं होतं. आतली वाफ आत, आणि बाहेरून सगळं स्वच्छ दिसतंय. मग काळा शर्ट. काळा भिजलेला कळत नाही, हे खरं, पण वाळल्यावर त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठायच्या, एकीच्या आत एक, कापलेल्या बाभळीच्या खोडावर असतात तशा. चार दिवसांत कुणालाही माझं वय मोजता आलं असतं. मग मी एक दाट फुलाफुलांचा घेतला. त्यात घाम खरोखर दिसत नव्हता. घाम सोडून बाकी सगळं दिसत होतं. आमचे चेअरमन, म्हणजे दूध संघाचे, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रेस्टहाऊसचे पडदे काढले का काय रे?"

धारूरला वेशीजवळ एक शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. माझी अडचण त्याने गळ्यात टेप अडकवून, डोळे मिटून ऐकली.

"सफारी," तो म्हणाला.

"सफारी जाड असते, मास्तर."

"जाड हाय म्हणूनच. घाम आतून निघंल, पन बाहेर यायला त्याला टाइम लागंल. तोपर्यंत तुमी घरी."

मला ते पटलं. माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाची हीच खोड, कारण जोडून सांगितलं की पटतं. मी राखी रंगाची सफारी शिवली. घाम आत थांबला, हे मास्तरचं बरोबर निघालं. तो इतका थांबला की बूट काढले तेव्हा मोजे पिळावे लागले. मास्तरला सांगितलं तर तो जराही खजील झाला नाही.

"मंग बूट बदला," तो म्हणाला.

उपाय शेवटी बायकोने काढला, आणि तो माझ्यावरच्या मायेपोटी नव्हता, पाण्यापोटी होता. एका घागरीत तिला घरातले सगळे कपडे काढायचे असत. माझा शर्ट बादलीत गेला की पाणी लगेच गढूळ आणि खारट व्हायचं. शेवटच्या खळबळलेल्या पाण्याचं काय करायचं, तर ते टाकवत नव्हतं म्हणून ती तुळशीला घालायची. तुळस जळाली. दुष्काळाने की माझ्या मिठाने, हे तिने विचारलं नाही. फक्त रिकामं वृंदावन रोज सकाळी झाडत राहिली.

"अवो," एक दिवस शर्ट पिळता पिळता ती म्हणाली, "कावून रंगाच्या मागं लागलेत तुमी? मीठ पांढरं. कापड बी पांढरं घ्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत न्हाई. आन् खळ घाला, म्हंजे अंगाला चिटकायचं न्हाई."

"खळ कशाची घालायची? भात आपल्याकडे सणाला."

"साबुदान्याची. उपास नाहीतरी माझ्याच नशिबाला हायेत. आता तुमच्या सदऱ्याला बी घडवू."

जाड हातमागाचं सुती कापड. गुडघ्यापर्यंत ढगळ सदरा, आत बाह्यांची बंडी, त्यावर कडक खळ. मी तो घातला आणि गल्लीच्या टोकापर्यंत भर उन्हात चालून आलो. सदरा माझ्या अंगाला नव्हता, अंगाभोवती होता, तंबूसारखा. आत मी भिजत होतो. पाठीच्या पन्हाळीतून धार कमरेपर्यंत जाताना मला कळत होती. पण बाहेर मी कोरडा होतो. घरी येऊन आरशाकडे पाठ केली, मान वळवून पाहिलं. काही नव्हतं. त्या रिकाम्या पांढऱ्या पाठीची मला आधी भीतीच वाटली.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. आमच्या भागातले पुढारी सभेत उभे राहून म्हणत, "तुमच्या घामाला दाम मिळवून देऊ." त्या वाक्याला टाळी ठरलेली. तेव्हा मी नेहमी बघायचो की मंडपात सगळे निथळताहेत आणि बोलणारा कोरडा ठणठणीत. पांढरा रंग त्यागाचा, खादी साधेपणाची, असं मी समजून होतो. ते सगळं असेलही. पण त्या कपड्याचा पहिला गुण असा की आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही.

आता सदरा घालून मी बाहेर पडलो की माणसं बदलायला लागली. एसटीत कंडक्टर जागा करून द्यायचा. हॉटेलवाला चहाचे पैसे घ्यायचा नाही. दूध घालायला येणारी ओळखीची माणसं, जी मला इतकी वर्षं भाऊसाहेब म्हणत होती, ती नुसतं "साहेब" म्हणायला लागली, आणि एकाने तर तहसीलदारांकडे शब्द टाकायला सांगितलं. मी म्हणायचो, "अहो, मी कारकून आहे." ते एकमेकांकडे बघायचे. "सादे हायेत साहेब," असं एकजण माझ्यादेखत दुसऱ्याला म्हणाला.

त्या माणसांत एक मामा होते. नात्याचे नव्हेत. माझ्या आईच्या गावचे म्हणून मामा. घाटाखालच्या वस्तीवर राहायचे, एक म्हैस आणि एक तांबडी बैलजोडी. म्हशीचं दूध संघाला घालायचे, बैलांबद्दल बोलायचे. त्यांना बैलांची नावं होती, पण माझ्याशी बोलताना ते डावा आणि उजवा असंच म्हणायचे. दुसऱ्याने नाव घेतलेलं जनावराला आवडत नाही, असं त्यांचं मत होतं.

मला सदऱ्यात बघून ते खो खो हसले. "आता तुमाला काय म्हनावं? भाच्या का नेते?"

"भाच्याच म्हणा, मामा. घाम दिसू नये म्हणून घातलाय."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. "समदेच तेच्यासाठी घालतेत."

मग ते गंभीर झाले. वस्तीवरच्या सगळ्यांनी ठरवलं होतं की जनावरं गोदाकाठी न्यायची, चकलांब्याकडे, जिथे कुणाकुणाचे सोयरे होते आणि उसाचं वाढं तरी मिळत होतं. मुक्काम करत करत जायची वाट. जनावरांच्या अंगात ताकद आहे तोवर निघालं पाहिजे. पण इकडे संघाची जनावरांसाठी चारा-छावणी उघडणार होती, आणि तिच्यासाठी माळावर नवी विहीर पाडली होती. तिला पाणी लागल्याचं जो तो सांगत होता.

"थांबावं का निघावं?" मामांनी विचारलं. "तुमी आतले. तुमी सांगा."

मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हणालो, "जलपूजन आहे. त्या दिवशी बघू."

जलपूजनाच्या आदल्या संध्याकाळी चेअरमनसाहेबांनी मला मंडप बघायला माळावर पाठवलं. मंडप उभा होता, कमान लागली होती, खुर्च्यांना पांढरी कापडं चढवली होती. विहिरीपाशी टँकर उभा होता, आणि त्याचा जाड पाइप विहिरीत सोडला होता. एक टँकर रिकामा झाला की दुसरा पुढे येत होता. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. तो आवाज किती दिवसांनी ऐकत होतो! क्षणभर मला आनंदच झाला. मग मी वाकून पाहिलं. पाण्याखाली तळाचा काळा पाषाण अजून दिसत होता, सुरुंगाच्या खुणांसकट. त्याला कुठे भेग नव्हती.

चेअरमनसाहेब मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. मला ते आजही विचित्र वाटतं.

"विरजण लावतोय," ते म्हणाले.

"काय?"

"आरे, दूध विरजायला आधी थोडं दही लागतंच ना? तसं पाण्याला पाणी दाखवावं लागतं. दाखवलं की लागतं. माझ्या बापानं आसंच लावलतं."

"आणि नाही लागलं तर? लोक जनावरं घेऊन येतील, साहेब. गोदाकाठी निघालेली माणसं थांबतील."

"थांबतील तर थांबू दे की. छावणीच भरंल. रिकाम्या छावणीचं उद्घाटन करायचं का?" मग माझा सदरा नीट करत म्हणाले, "उद्या आभार तूच मान. कपडे बी बरे घालायला लागलास हाली."

घरी आलो ते चालत. बायकोला सांगितलं. ती खळीचं भांडं ढवळत होती. "मामास्नी सांगा," ती म्हणाली.

"एकट्या मामांना सांगून काय होतंय? सगळी वस्ती, पलीकडची दोन गावं. आभार मानायला मला माइक देणार आहेत."

ती ढवळायची थांबली. माझ्या वडिलांची गोष्ट तिला माहीत होती. भिंतीवरच्या डागाला तिने स्वतः दोनदा चुन्याचा हात दिला होता. "मंग खळ जरा जास्तच घालते," ती म्हणाली.

जलपूजन झालं तसं झालं. पाहुणे उशिरा आले. विहिरीची खणानारळाने ओटी भरली, साडी सोडली. ती पाण्यावर पसरली आणि बुडाली नाही, तरंगत राहिली. बायाबापड्या कठड्याभोवती गर्दी करून पाणी बघत होत्या. एका म्हातारीने हात जोडले. मग भाषणं झाली. आमच्या विहिरीत भगीरथ आला, गंगा आली, समुद्रमंथनही येऊन गेलं. घामाला दाम आला, टाळी आली. मी व्यासपीठाच्या कडेला उभा होतो. पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगेत एक पांढरा सदरा. आत बंडी भिजून अंगाला चिकटली होती, कमरेला नाडीपाशी पाणी साठलं होतं. बाहेर एक थेंब नव्हता. हातरुमालाने मी तोंड पुसलं होतं, आणि नशिबाने त्या दिवशी तोंडही कोरडं राहिलं.

आभारासाठी माझं नाव पुकारलं. आभार सुरू झाले की लोक उठायला लागतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी रीतीप्रमाणेच सुरुवात केली. पाहुण्यांचे आभार, टाळ्या. चेअरमनसाहेबांचे, टाळ्या. मंडपवाल्याचे, लाउडस्पीकरवाल्याचे, टाळ्या. मग म्हणालो, "काल संध्याकाळी ज्या टँकरवाल्यांनी ही विहीर भरली, त्यांचेही मी संघाच्या वतीने आभार मानतो."

टाळ्या वाजल्या. सवयीने. मग मागे कुणीतरी हसलं, आणि हळूहळू सगळा मंडप गप्प झाला.

आता माझ्याजवळ माइक होता आणि शांतता होती. मी साधं बोललो. ही विहीर कोरडी आहे. खाली पाषाण आहे, मी डोळ्याने बघितलाय. हे पाणी आठवडा टिकणार नाही. ज्यांना गोदाकाठी जायचंय त्यांनी उद्याच निघा, जनावरं चालताहेत तोवर निघा. माझा आवाज कापला नाही. सदऱ्याने धीर दिला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून उभा होतो आणि माझ्या पाठीची मला काळजी नव्हती.

मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो. भीती दिसेल, राग दिसेल असं वाटलं होतं. दिसलं ते वेगळंच. माणसं हुशारीने हसत होती, एकमेकांना कोपराने ढोसत होती.

"इलेक्शन आलंय का बे संघाचं?" एकाने विचारलं.

"आलं आसंल. ह्यो कुन्या पॅनलचा?"

"मला महिन्यापासून डाऊट व्हता. कपडे बघितले न्हाई का?"

"खरं आसंल बी एखाद्या वक्ती," एक म्हातारा हळूच म्हणाला.

"खरं?" पुढचा माणूस वळून म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "आवो, एवढी मोठी गोष्ट खरी आसती, तर सांगनारा मानूस आसा गारेगार उभा ऱ्हायला आसता व्हय? बघा की. घाम सुदिक न्हाई."

सगळ्यांनी बघितलं. मीही खाली माझ्या छातीकडे बघितलं. पांढरं, कडक, कोरडं. त्या क्षणी मी सदरा फाडून आतली बंडी दाखवायला हवी होती, असं नंतर बायको म्हणाली. तिचं बरोबर असेल. पण राष्ट्रगीत सुरू झालं, आणि सगळे ताठ उभे राहिले, मीही.

चेअरमनसाहेब चिडले असतील, असं मला वाटलं. ते व्यासपीठाच्या मागे मला भेटले, खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "तयार झालास," ते म्हणाले. "विरोधकात कशाला जातोस? फुडच्या टायमाला आपल्याच पॅनलमधी घेतो तुला." मी त्यांना समजावून सांगायला लागलो की मला निवडणूक लढवायची नाही. ते समजुतीने मान हलवत राहिले. "मी बी आसंच म्हनायचो," ते म्हणाले.

मामांना मी कमानीपाशी गाठलं. "मामा, तुम्ही तरी निघा."

मामांनी विहिरीकडे पाहिलं. तिथे अजून गर्दी होती. "तुमचं खोटं न्हाई म्हनत मी," ते म्हणाले. "पन आता तुमी बी राजकारनात. राजकारनातल्या मानसाचं खरं कवाचं आन् खोटं कवाचं, ते आमाला कसं कळावं?" मग माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "आठ दिस बघतो. लई झालं तर आठ दिस."

छावणी भरली. मी रोज सायकलवरून माळावर जायचो आणि विहिरीत डोकावायचो. ओटीची साडी पाण्याबरोबर खाली खाली जात होती. मग एके दिवशी ती पाषाणावर पडली, ओली, अंग चोरून झोपलेल्या बाईसारखी. टँकर दोन दिवस आले, मग दुसऱ्या कुणाच्या तरी जलपूजनाला गेले असावेत.

माणसं भल्या सकाळी निघाली. दोर सोडले, जनावरं वळवली, निघाली. मी सदरा घालून, सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर घाटाच्या तोंडापर्यंत चालत गेलो. मला काय करायचं होतं, मला माहीत नव्हतं. निदान पोहोचवायला जावं, इतकंच. छावणीतल्या त्या दिवसांत जनावरांनी वाळलेल्या कडब्यावर दिवस काढले होते. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि चालताना त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता, इतकी ती हलकी झाली होती. धुळीतून सावल्या चालल्यासारखी ती चालली होती.

चढाला मामांचा डावा बैल बसला. मामांनी शेपटी पिरगाळली, हाका मारल्या. मी सायकल टाकली आणि त्याला मागून खांदा लावला. आम्ही दोघांनी रेटला, तो अर्धा उठला, पुन्हा बसला. पुन्हा रेटला. किती वेळ, कोण जाणे. बाकीचे मामांची म्हैस घेऊन कडेने पुढे निघून गेले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी त्याच्या तोंडापुढे, त्याच्याकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेला बसून होतो. खळ केव्हाच विरघळली होती. सदरा पाठीला, पोटाला, दंडाला चिकटला होता आणि त्यातून बंडीची शिवण दिसत होती.

मग पाठीवर काहीतरी लागलं. खरखरीत, मोठं, गरम. मी दचकून उठायला लागलो.

"बसा," मामा म्हणाले. "मीठ लागतंय त्येला. चाटू द्या."

मी बसलो. बैल माझी पाठ चाटत होता. कमरेपासून मानेपर्यंत एक सावकाश फराटा, मग दम घ्यायला थांबायचा, मग दुसरा. कापडातून ती जीभ कानशीसारखी लागत होती. उजवा बैल उभ्याउभ्या आमच्याकडे बघत होता. मामांनी तंबाखू काढली, मळली, आणि न खाता तळहातावर तशीच धरून बसले.

"तुमी त्या दिशी आसं भिजून सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

"सांगितलं असतं तर खरं धरलं असतं?"

मामांनी विचार केला. खरोखर विचार केला, मला खूश करण्यासाठी घाई केली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "पानी दिसत व्हतं ना, भाच्या. डोळ्यांनी."

पाठीवरचे फराटे आखूड होत गेले. एक खांद्यापर्यंत आला, एक अर्ध्यावर थांबला. मग जीभ माझ्या पाठीला लागली आणि तिथेच राहिली, ओली, जड. मी वळून पाहिलं नाही. मामा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळाने ते उठले, माझ्या मागे गेले. दाव्याची गाठ सोडल्याचा आवाज आला. ते दावं त्यांनी गुंडाळून खांद्यावर टाकलं, आणि उजव्याला त्याच्या नावाने हाक मारून ते चढाला लागले.